थोरांचे पेले आणि आपला रक्तदाब

कोर्टात वकील जसे जुन्या निकालांचे दाखले देतात, तसे दवाखान्यात काही पेशंट थोर पुरुषांचे दाखले देतात. दारू बंद करा म्हटले की चर्चिल पुढे येतो. दूध सोसत नसेल तर काही दिवस थांबवा म्हटले की गांधीजींची शेळी येते. गोळ्या चुकवू नका म्हटले की मोरारजीभाईंचे नाव निघते. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ही मंडळी माझ्याकडे इतक्या वेळा येऊन गेली आहेत की त्यांचे केसपेपर काढून ठेवावेत असे वाटते. आज तेच करू.

आधी चर्चिल. ब्रिटनचे हे पंतप्रधान व्हिस्की आणि शॅम्पेन पीत ९० वर्षे जगले, हे खरे आहे. व्हिस्कीची सवय त्यांना लागली ती आपल्याकडे. १८९६ साली तरुण लष्करी अधिकारी म्हणून ते मुंबईत आले. (ससून डॉकवर होडीतून उतरताना खांदा दुखावला, तो जन्मभर त्रास देत राहिला.) पुढच्या वर्षी ते वायव्य सरहद्दीवर मलाकंदच्या मोहिमेत गेले. तिथल्या उकाड्यात चहाखेरीज प्यायला काय, तर कोमट पाणी, लिंबाचा रस घातलेले कोमट पाणी किंवा व्हिस्की घातलेले कोमट पाणी. आधी नावडणारी व्हिस्की त्यांनी तिथे पचनी पाडून घेतली. पुढेही त्यांच्या सकाळच्या पेल्यात तळाशी जेमतेम व्हिस्की आणि बाकी सारे पाणी असे. जेवणाबरोबरची शॅम्पेन आणि नंतरची ब्रँडी मात्र हातचे न राखता चाले.

डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला रस्ता ओलांडताना त्यांनी इंग्लंडच्या सवयीने भलत्याच बाजूला पाहिले आणि मोटारीची धडक बसली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. म्हणून डॉ. ऑटो पिकहार्ट यांनी त्यांना चिठ्ठी लिहून दिली की, अपघातातून बरे होण्यासाठी, विशेषतः जेवणाच्या वेळी, मद्य आवश्यक आहे. प्रमाण निश्चित नाही, पण किमान २५० सीसी. औषधाच्या चिठ्ठीत जास्तीत जास्त किती हे लिहायचे असते. इथे कमीत कमीच लिहिले आहे! हसू नका. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळत असे.

आता खरा मुद्दा. ३० नोव्हेंबर १९४३ रोजी तेहरानला चर्चिल यांचा ६९ वा वाढदिवस साजरा झाला. टेबलाशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि रशियाचे स्टालिन होते. रूझवेल्ट यांना मार्टिनी आवडे, आणि ती स्वतः मिसळून पाहुण्यांना देण्याची त्यांना हौस होती. स्टालिन यांना आपल्या मुलखातली, म्हणजे जॉर्जियाची वाइन प्रिय. जगाची वाटणी करणारे हे तिघे. त्यांच्या मृत्यूचे कारण पाहा.

रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ ला तो ३००/१९० वर गेला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ६३ व्या वर्षी ते गेले. स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी गेले, वय ७४, मेंदूतला रक्तस्राव. आणि ज्यांचा दाखला मला दिला जातो ते चर्चिल? १९४९ मध्ये त्यांना मेंदूचा पहिला झटका आला. जून १९५३ मध्ये पंतप्रधानपदी असतानाच मोठा झटका आला, आणि ती बातमी लोकांपासून दडवून ठेवली गेली. १९६५ च्या जानेवारीत शेवटचा झटका आला. तिघांनाही मेंदूच्या रक्तवाहिन्यांनीच नेले.

हे फक्त दारूने झाले असे मी म्हणणार नाही. तंबाखू तिघांच्याही तोंडी होती आणि त्या काळी रक्तदाबावर धड औषध नव्हते. रूझवेल्ट यांना विश्रांती, कमी मीठ आणि कमी सिगारेट एवढेच सांगता आले. पण नियमित दारूने रक्तदाब चढतो, हे आज वादातीत आहे. १९९० च्या दशकात 'रोज थोडी रेड वाइन हृदयाला चांगली' अशी हवा होती. पुढे कळले की न पिणाऱ्यांच्या यादीत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच पिणारे निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, दारूचे सुरक्षित असे प्रमाणच नाही.

शिवाय चर्चिल यांचेच नाव का घेता? फ्रँकलिन पिअर्स हेही अमेरिकेचे अध्यक्ष होते. दारूने यकृत निकामी होऊन १८६९ मध्ये ६४ व्या वर्षी गेले. त्यांचा दाखला मला आजवर एकाही पेशंटने दिलेला नाही.

गांधीजींचा केसपेपर निराळा. त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. १९१८ मध्ये खेड्याच्या सत्याग्रहानंतर आमांशाने ते इतके खंगले की जगण्याची आशा सुटली होती. हवापालटासाठी माथेरानला नेले, पण तिथले जड पाणी सोसेना. मुंबईत डॉ. दलाल म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली: गाई-म्हशीचे दूध नको असेल, तर शेळीचे घ्यायला काय हरकत? ते घेऊन गांधीजी उठले, पण व्रताचा आत्मा मोडला ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. म्हणजे शेळीचे दूध हे काही त्यांना सापडलेले अमृत नव्हते. ती तडजोड होती.

हे सांगायचे कारण, डेंग्यूची साथ आली की आपल्याकडे शेळीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो. त्याने प्लेटलेट वाढतात याला आधार नाही. ताप उतरल्यावर बहुतेकांच्या प्लेटलेट आपोआप वाढतात आणि श्रेय शेळीला मिळते. गाईचे दूध सोसत नाही म्हणून शेळीचे घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की दुधातली साखर दोन्हींत जवळपास सारखीच असते. या दुधात फोलेट फार कमी असते, म्हणून तान्ह्या बाळाला केवळ त्यावर ठेवले तर रक्त कमी होते. आणि कच्चे तर कोणीच पिऊ नये, त्यातून ब्रुसेलोसिस हा हटवादी ताप येतो. गांधीजी गरम पाण्यातून मधही घेत. मधुमेही लोक ते 'नैसर्गिक' म्हणून घेतात, पण मधाने रक्तातली साखर चढतेच. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचे बोटही चाटवू नये.

मोरारजीभाई ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि १९९५ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. शिवांबूबद्दल ते मोकळेपणाने बोलत, १९७८ मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनवरही बोलले. पण हा गृहस्थ दारूला शिवत नव्हता, मिताहारी होता, फळे, दूध आणि सुकामेवा यांवर राहत होता. एवढ्या सगळ्यातून आमचे लोक नेमके शिवांबूच उचलतात! मूत्र म्हणजे पाणी, युरिया, क्षार आणि शरीराने टाकलेले इतर पदार्थ. त्यात औषधी गुण सिद्ध झालेला नाही. माझ्याकडचे एक शेतकरी काका मधुमेहाच्या गोळ्या थांबवून शिवांबूवर राहिले. रक्तातली साखर इतकी चढली की ती लघवीतून वाहत होती, आणि काका तीच पुन्हा पीत होते. पायाची जखम चिघळून दोन बोटे गमवावी लागली. काका मला अजून भेटतात. गोळ्या घेतात, चालताना काठी घेतात.

ताजा दाखला तरुण पोरे देतात. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प दिवसाला डझनभर डाएट कोक पितात, अशी बातमी २०१७ मध्ये आली होती. त्या डाएटमध्ये निदान साखर नसते. टपरीवरच्या ३०० मिलीच्या साध्या कोलात सहा-सात चमचे असते.

वाचकहो, तेहरानच्या टेबलावर नव्हते असे बरेच काही आज तालुक्याच्या गावीही आहे. रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात, साधी गोळी रोज काही रुपयांत पडते. तिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा आणि डॉक्टरांना भेटावे.

आणि घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तोंडात काहीही घालू नका. आपल्याकडे पहिल्यांदा पाण्याचा तांब्या किंवा चहाची बशी पुढे होते. अशा वेळी गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि घोट थेट फुप्फुसात जातो. रक्तदाबाची जास्तीची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका. त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात सरळ न्या. गाठीमुळे झटका आला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.