नीतीचा उगम : विवेक की बहुमत?

‘बहुतेकांना मान्य ते योग्य, की मला पटते ते योग्य?’ विलेपार्ल्यातील माझ्या वर्गात हा प्रश्न वारंवार निघतो. उत्तर शोधताना मी महाडचा इतिहास सांगतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. परंतु केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तीन वर्षांत बहुमत फिरले. माणसाचा पाण्यावरील हक्क मात्र तसूभरही हलला नाही. तेव्हा बहुमत ही नीतीची जननी नव्हे.

मग एकट्याची बुद्धी पुरेशी आहे काय? ‘शुद्धीकरण’ करणाऱ्यांनाही आपले कृत्य पटलेलेच होते! म्हणूनच तथागतांनी कालामांना दुहेरी कसोटी दिली : परंपरा वा ग्रंथ सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, आणि जे अहितकारक व सुज्ञांना निंद्य, ते त्यागा. विवेकाने प्रश्न उभा करावा आणि उत्तर सर्वांच्या हिताशी ताडून पाहावे.

१९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी-तळ्यांवरील जातीची आडकाठी दूर केली. सहमती आली, पण विवेकामागून आली.

वसतिगृहाच्या पंगतीत एखादे मूल एकटे पाडले जाते, तेव्हा ‘सगळेच तसे वागतात’ हे उत्तर आपल्या मुलांनी स्वीकारू नये. त्याच्या शेजारी जाऊन बसणारा पहिला विद्यार्थी म्हणजेच आपल्या शिक्षणाचे फलित होय.