बसल्या जागी ‘गाडी लागते’ तेव्हा

खंडाळ्याच्या घाटात एसटी वळणं घेऊ लागली, की कुणाला खिडकीची जागा हवी असते, कुणाला आलेपाकाची वडी. गाडी लागणं आपल्याकडे कुणालाच नवीन नाही. पण नवी मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये खुर्चीत स्थिर बसलेल्या मुलाला तोच त्रास झाला, की घरचे चक्रावतात. कॉम्प्युटरवर ॲक्शन गेम सुरू करून वीस मिनिटंही होत नाहीत, तोच डोकं जड होतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, मळमळू लागतं. मग चष्म्याचा नंबर तपासला जातो, जागरणाबद्दल बोलणी बसतात. ही कारणंही असू शकतात. पण अनेकदा दोष गेममधल्या कॅमेऱ्याचा असतो. कारण तो कॅमेरा टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी बसवलेलाच नसतो.

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कुठे, किती वळलं याची खबर त्या मेंदूला देतात. घाटात मोबाइल वाचणाऱ्याचा कान सांगतो ‘हलतोय’, डोळे म्हणतात ‘स्थिर आहे’. गेममध्ये हे उलटं होतं. डोळ्यांसमोर जग गरागरा फिरतं आणि कान म्हणतो, काहीच हललेलं नाही. या विसंगतीतून मळमळ येते, असा सिद्धान्त रीझन आणि ब्रँड यांनी १९७५मध्ये मांडला. आजही तोच सर्वाधिक मानला जातो. गाडी चालवणाऱ्याला ती सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. गेममध्येही खेळणाऱ्यापेक्षा मागे उभं राहून बघणाऱ्या धाकट्या भावाला जास्त त्रास होतो, तो यामुळेच.

आता घराकडे पाहू. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला असतो आणि खेळणारा सोफ्यावर असतो. ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून पाहिला, तर तो डोळ्यांसमोरच्या जेमतेम २२ अंशांत मावतो. बाकी सगळी भिंत, पंखा, खिडकी, म्हणजे स्थिर जग. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर २४ इंची मॉनिटर दोन फुटांवर असतो आणि तो ४७ अंश व्यापतो, दुपटीहून जास्त. हलणारं चित्र जितकं मोठं आणि भोवतालची स्थिर चौकट जितकी कमी, तितका आपणच फिरतोय हा भास पक्का होतो.

गेम बनवणारे एक आकडा ठरवतात : कॅमेऱ्याला एका वेळी किती अंशांचं जग दिसावं. याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात, मराठीत दृष्टिक्षेत्र. १९९३च्या ‘डूम’मध्ये ते ९० अंश होतं. कॉम्प्युटरसाठीच बनलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये ते १०३ आहे. कन्सोलवरच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’त मात्र वर्षानुवर्षं ते ६५च्या आसपास बांधलेलं होतं. लांबून बघणाऱ्याला वस्तू मोठ्या दिसाव्यात हे एक कारण. दुसरं, कमी जग दाखवलं की यंत्रावरचा भारही कमी. सोफ्यावर हे खपून जातं. तोच गेम जसाच्या तसा कॉम्प्युटरवर आणला, की दुर्बिणीतून पाहत धावल्यासारखं होतं. मान थोडी वळवली तरी अख्खं दृश्य सपकन सरकून जातं.

पाठीमागच्या कॅमेऱ्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये कॅमेरा चक्क ढगावर बसलेल्या एका पात्राच्या हातात दिला होता, कारण मागून कुणीतरी चित्रण करतंय ही कल्पनाच खेळणाऱ्यांना नवी होती. २००५च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ने हा कॅमेरा नायकाच्या खांद्याशी आणला आणि पुढे ती रीतच पडली. समोर आपलं पात्र दिसत राहतं, हा नजरेला आधार असतो. पण वळताना कॅमेरा पात्राभोवती कमानीत फिरतो आणि अरुंद खोलीत भिंतीला अडला, की झटक्यात जवळ येतो. याच गेमची कॉम्प्युटर आवृत्ती २००७मध्ये आली, तेव्हा तिला माउसने नेम धरण्याची सोयच नव्हती! गेमपॅडवर अंगठ्याची काडी फक्त वळण्याचा वेग ठरवते, म्हणून दृश्य संथ, सलग फिरतं. माउसचा एक झटका क्षणात पाठ फिरवतो. काडीसाठी आखलेला कॅमेरा माउसला जोडताना हाताची हालचाल आणि चित्र यांच्यात किंचित उशीर राहिला, तर मेंदूचा अंदाज पुन्हा चुकतो.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा ॲक्शन गेम २०२०च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर आला. त्यातला कॅमेरा उंचावरून, तिरका, दूर असतो आणि खेळणाऱ्याला तो फिरवता येत नाही. राजी पडद्यावर लहान दिसते, ही त्याची किंमत. पण ज्यांना गेम ‘लागतो’, त्यांच्यासाठी असा कॅमेरा सौम्य, कारण जग भोवती गरगरत नाही.

बाकीच्यांनी आधी सेटिंग्ज उघडावीत. फील्ड ऑफ व्ह्यू दहा-दहा अंशांनी ९०पर्यंत वाढवून पाहावं. फार वाढवलं तर कडेची चित्रं ताणली जातात आणि काहींना तेच खुपतं. मोशन ब्लर, कॅमेरा शेक आणि चालताना डोकं हलवणारा हेड बॉब बंद करावेत. खुर्ची अर्धा फूट मागे घ्यावी, खोलीत दिवा चालू ठेवावा. कन्सोलवरून आलेला गेम गेमपॅडवर खेळून पाहावा. सारख्या जांभया येणं, थंड घाम, चेहरा पांढरा पडणं ही पहिली लक्षणं, तिथेच थांबावं. ‘सवय होईल’ म्हणून रेटल्याने त्या दिवशी तरी मळमळ वाढतेच. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्या झोप आणतात, गेमसाठी त्या घेऊ नयेत.

गेम न खेळताही चक्कर येत असेल, कानात आवाज किंवा कमी ऐकू येत असेल, डोकेदुखीने उलटी होत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. लखलखत्या दृश्यांनी झटका आला किंवा क्षणभर भान हरपलं, तर त्याच दिवशी. आणि मळमळ थांबली तरी तोल सावरायला वेळ लागतो. तोवर स्कूटरची किल्ली खुंटीवरच बरी, पाम बीच रोड कितीही मोकळा असला तरी.