श्रद्धा व कर्मे (ख्रिस्ती तारणविचार)

पापी मनुष्याचे तारण केवळ ख्रिस्तावरील श्रद्धेने होते, की त्यात त्याच्या सत्कर्मांचाही वाटा असतो, यासंबंधीचा ख्रिस्ती ईश्वरशास्त्रातील मूलभूत प्रश्न. ‘तारण’ म्हणजे पापापासून सुटका व ईश्वराशी पुन्हा जुळलेला संबंध. त्याचा उगम ईश्वरी कृपेत आहे, याविषयी प्रमुख पंथांत दुमत नाही. मतभेद आहे तो त्या कृपेला मनुष्याने द्यावयाच्या प्रतिसादाविषयी. श्रद्धेसाठी मराठी बायबलमध्ये ‘विश्वास’ हा शब्द रूढ आहे. ‘कर्म’ या शब्दाचा पूर्वजन्मीचे संचित हा अर्थ मात्र येथे अभिप्रेत नाही.

बायबलमधील आधार : मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो, असे संत पौलाचे प्रतिपादन आहे (रोम. ३ : २८). उलट, कर्मांवाचून असलेला विश्वास निर्जीव होय, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे (याकोब २ : १४–२६). दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौल त्याने ईश्वरी वचनावर ठेवलेल्या विश्वासाचा, तर याकोब त्याने इसहाकाला वेदीवर अर्पण केल्याचा. हा विरोध वाटतो तितका तीव्र नाही. पौलाचा रोख सुंता व इतर नियम पाळून ईश्वरापुढे हक्क सांगण्याच्या वृत्तीवर आहे. याकोबाचा रोख उघड्याला वस्त्र व भुकेल्याला अन्न न देता केवळ शब्दांनी धीर देणाऱ्या श्रद्धेवर आहे. पौलही कृपेने तारलेला मनुष्य सत्कर्मांसाठीच निर्माण झाला आहे, असे सांगतो (इफिस. २ : ८–१०).

मतांचा विकास : मनुष्य स्वबळावर पापमुक्त जीवन जगू शकतो, हे पेलेजिअसचे मत संत ऑगस्टीनने (३५४–४३०) खोडून काढले आणि कार्थेजच्या धर्मसभेने (४१८) ते त्याज्य ठरविले. सोळाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा उफाळला. पापविमोचनपत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपले ९५ सिद्धांत मांडले. पुढे केवळ श्रद्धेने नीतिमान ठरणे, हे प्रॉटेस्टंट पंथाचे केंद्रीय तत्त्व बनले. सत्कर्मे हे तारणाचे मूळ नसून फळ होय, अशी त्याची भूमिका आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कॅथलिक मत निश्चित केले. त्यानुसार आरंभीची कृपा कोणत्याही कर्माने कमावता येत नाही. परंतु कृपेने जागृत झालेला मनुष्य स्वेच्छेने तिला साथ देतो व कृपेच्या अवस्थेत केलेल्या सत्कर्मांनी त्याचे नीतिमत्त्व वृद्धिंगत होते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही ईश्वरी कृपा व मानवी प्रयत्न यांच्या सहकार्यावर भर आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्जबर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तीत मूलभूत सत्यांविषयी एकमत नमूद असून काही भेद शिल्लक ठेवले आहेत.

महाराष्ट्रातील उदाहरण : या प्रश्नाचे जिवंत स्वरूप पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात आढळते. व्रते, तीर्थयात्रा व पुराणकथन यांनी पुण्य जोडू पाहणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. इंग्लंडमध्ये, लंडनच्या फुलम भागात, अँग्लिकन भगिनी समाजाकडून झिडकारल्या गेलेल्या पतित स्त्रियांना ममतेने सांभाळतात हे पाहून त्या प्रभावित झाल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्माकडे त्या प्रथम कर्मांच्या वाटेने ओढल्या गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र सु. आठ वर्षांनी, आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, पण स्वतः ख्रिस्त लाभला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्थित्यंतर सांगितले आहे.

या काळात त्यांचे कार्य चालूच होते. १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेले शारदा सदन पुढे पुण्यास हलविण्यात आले. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस उपस्थित राहतात, या कारणावरून १८९३ मध्ये वाद माजला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. विधवांच्या शिक्षणाचे कार्य समाजातील सुधारकांना हवे होते. त्यामागील श्रद्धेचा प्रसार त्यांना मान्य नव्हता. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र हे दोन्ही अविभाज्य होते. यानंतर त्यांचे कार्य संकोचले नाही, उलट विस्तारले : १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराश्रित मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तारण कर्मांनी कमावता येत नाही, या निष्ठेमुळे कर्माची प्रेरणा क्षीण होते, असा आक्षेप घेतला जातो. रमाबाईंच्या बाबतीत तो टिकत नाही. पुण्यसंचयाचा हेतू सुटल्यानंतरही सेवा टिकली आणि वाढली.