अर्ध्या तासाचं परीक्षण, दहा वर्षांचा वापर

लिनक्सच्या एखाद्या नव्या आवृत्तीचं परीक्षण कुणी लिहिलं की लगेच त्या परीक्षणाचीच झाडाझडती सुरू होते. किती दिवस वापरलं? कुठल्या मशीनवर? दोष कर्नलचा होता की डेस्कटॉपचा, मग तो या वितरणाच्या माथी का मारला? माणसं पदरमोड करून जी वस्तू फुकट देतात, तिला नावं ठेवावीत का? हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या मावळ पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांतल्या आणि घरांतल्या संगणकांवर लिनक्स चढवता चढवता मी तो जवळून पाहिला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या परिस्थितीत यंत्रणा वापरली जाणार, त्याच परिस्थितीत ती निदान एक मोठं अपग्रेड होईपर्यंत वापरावी आणि मगच तिच्याबद्दल निकाल द्यावा. मावळाची परिस्थिती जगातल्या बहुतेक परीक्षकांनी कधी पाहिलेलीच नाही.

सुरुवातीला परीक्षणाचा प्रश्न एकच होता: चढलं का? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये कर्नलची घोषणा केली आणि १९९३ मध्ये डेबियन हे वितरण सुरू झालं. आपल्याकडे मात्र लिनक्स पोचलं ते नव्वदीच्या उत्तरार्धात, 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर येणाऱ्या सीडींतून. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं, पण डायलअपवर सातशे एमबीची सीडी उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता दिवसभराहून जास्त वेळ लागला असता. त्यामुळे सीडी हातोहात फिरत. पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकीला जायचं, लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरायचं आणि येताना कुणाकडून तरी सीडी घेऊन यायची, हा अनेकांचा शिरस्ता होता. घरी आल्यावर कळायचं की संगणकातला मोडेम 'विनमोडेम' आहे. म्हणजे त्याचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करतं आणि लिनक्सला तो ओळखूच येत नाही. त्या काळी 'चढलं, आवाज आला, मोडेम चालला नाही' एवढं तीन ओळींचं परीक्षणसुद्धा प्रामाणिक होतं, कारण अडचण खरोखर तिथेच होती.

पुढे अडचण सरली, सवय मात्र उरली. २००० मध्ये नॉपिक्स आलं आणि काही न चढवता थेट सीडीवरून लिनक्स चालवता येऊ लागलं. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू आलं आणि ते मागवणाऱ्याला सीडी टपालाने घरपोच, फुकट पाठवू लागलं. चढवणं सोपं झालं तशी परीक्षणं खोल जायला हवी होती. झालं उलटंच. लाइव्ह सीडीवर अर्धा तास फिरायचं, चढवण्याच्या पायऱ्यांची चित्रं टाकायची, वॉलपेपरवर दोन वाक्यं लिहायची आणि गुण द्यायचे. २००१ मध्ये सुरू झालेल्या डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाच्या यादीतला क्रमांक म्हणजे लोकप्रियता, असंही लोक धरून चालले. खरं तर तो आकडा फक्त त्या त्या वितरणाचं पान किती वेळा उघडलं गेलं हे सांगतो, आणि हे डिस्ट्रोवॉचने स्वतःच सांगितलेलं आहे. २००४ पासून फोरॉनिक्स या संकेतस्थळाने मोजमापाची शिस्त आणली, ते चांगलंच झालं. पण मशीनचा वेग हा वापराचा एक कोपरा झाला.

वेगाच्या तक्त्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे लाइट जाणं. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसलं. मावळात त्यात पावसाची भर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंदर मावळात, नाणे मावळात तारेवर फांदी पडली की वेळापत्रकाबाहेरही वीज जाते. यूपीएसची बॅटरी दमलेली असते. चालू संगणक क्षणात बंद पडतो. अशा जागी फाइल सिस्टिम हा विषय फक्त तज्ज्ञांचा राहत नाही. जुनी एक्स्ट२ असेल तर पुन्हा सुरू होताना डिस्कची पूर्ण तपासणी चाले आणि तासिका संपेपर्यंत मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसत. एक्स्ट३ लेखनाची नोंदवही ठेवत असल्यामुळे ती मिनिटभरात सावरे. २००१ च्या अखेरीस ती मुख्य कर्नलमध्ये आली, तेव्हा त्या बदलाची किंमत भारनियमनातल्या प्रयोगशाळेला जेवढी कळली, तेवढी अखंड विजेच्या शहरातल्या परीक्षकाला कळणं शक्यच नव्हतं.

मग २००९ मध्ये एक्स्ट४ चा वाद पेटला. ही फाइल सिस्टिम वेग वाढवण्यासाठी मजकूर डिस्कवर उतरवायला थोडा उशीर करते. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर काही फाइली शून्य आकाराच्या होऊन बसतात, अशा तक्रारी उबुंटू ९.०४ च्या चाचणी काळात आल्या. एक्स्ट४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी बाजू मांडली की नियमाप्रमाणे फाइल सिस्टिमने तसं वचनच दिलेलं नाही, मजकूर पक्का डिस्कवर गेला की नाही हे प्रोग्रॅमनेच तपासायचं असतं. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. तरीही त्यांनी लोकांच्या सवयी सांभाळून घेणाऱ्या दुरुस्त्या केल्या आणि त्या पुढच्या कर्नलमध्ये आल्या. या प्रकरणातून परीक्षकाने शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दोष कुणाचा हे शोधून सांगितलंच पाहिजे, पण दोष दुसऱ्याचा निघाला म्हणून वापरणाऱ्याचं झालेलं नुकसान पुसून टाकता येत नाही. परीक्षणात दोन्ही यायला हवं.

हाच पेच त्याआधी २००८ च्या जानेवारीत केडीई या डेस्कटॉपच्या ४.० आवृत्तीने टाकला होता. बनवणारे म्हणाले, ही आवृत्ती हौशी आणि विकासक मंडळींसाठी आहे. काही वितरणांनी ती सर्वांच्या हाती दिली. परीक्षकांनी केडीईला झोडपलं. माझ्या मते अपुरी वस्तू नेहमीच्या वापरकर्त्यासमोर ठेवण्याचा निर्णय वितरणाचा होता, तेव्हा जाबही त्यालाच विचारायला हवा होता. वितरणाचं स्वतःचं काम असतंच: काय निवडलं, कसं जुळवलं, सुरक्षेच्या दुरुस्त्या किती लवकर दिल्या, किती वर्षं साथ दिली. परीक्षणाचा बहुतांश भाग या गोष्टींवर हवा. ग्नोमने आणलेल्या नव्या चौकटीचं श्रेय किंवा खापर प्रत्येक वितरणावर पुन्हा पुन्हा टाकून हाती काही लागत नाही.

अपडेटच्या आकाराचंही तसंच. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, पण महिन्याला मोजून मिळणाऱ्या डेटात शेकडो एमबीचं अपडेट कसं बसवायचं? म्हणून रात्री दोन ते सकाळी आठच्या मोफत वेळेत संगणक चालू ठेवायचा. फेडोरा या वितरणाच्या ११ व्या आवृत्तीत फक्त बदललेला भाग उतरवून घेण्याची सोय आली, तिचा इथे जो उपयोग झाला तो कुठल्याही गुणपत्रिकेत दिसला नाही.

आता मराठीचा मुद्दा. या मागोव्यातला हा भाग मला सर्वांत जवळचा आहे. परदेशी परीक्षक म्हणतो, 'भाषांचा आधार चांगला आहे'. म्हणजे त्याने यादीत मराठीचं नाव पाहिलेलं असतं. आम्ही टाइप करून पाहायचो: दऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, ऱ्हास. 'ऱ'च्या जागी वर रफार चढला की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होई. शिवाय एकाच संगणकावर ब्राउझरमध्ये शब्द नीट दिसे आणि ओपनऑफिसमध्ये मोडे. कारण अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा ग्नोमची वेगळी, क्यूटीची वेगळी, ओपनऑफिसची वेगळी होती. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं तेच २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. ते सगळ्या फॉन्टांत उतरायला आणखी काळ गेला. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे, त्यांचीही सोय हवी होती.

यावर ज्यांनी काम केलं त्यांतले बरेच जण इथून तासाभराच्या अंतरावर होते. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या अभियंत्यांनी भारतीय भाषांचं काम वर्षानुवर्षं पुढे नेलं. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारं 'जीएनयूनिफाय', नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत भरलेली फेडोराची परिषद, अशा ठिकाणी मावळातली मुलं या माणसांना समोरासमोर भेटली. 'इथे मोडतंय' असं नमुन्यानिशी दाखवलं की ते नोंदवून घेत. २०१२ नंतर हार्फबझ ही एकच जुळणी यंत्रणा हळूहळू सगळीकडे रुजली. ग्नोमच्या पँगोने ती घेतली, ओपनऑफिसमधून निघालेल्या लिबरऑफिसने घेतली, आणि एकाच शब्दाची दोन रूपं दिसणं थांबलं. त्या वर्षांतल्या कुठल्याही परीक्षणात ही बातमी ठळक असायला हवी होती. मराठी माणसासाठी नव्या चिन्हांपेक्षा ती शंभरपट मोठी होती.

तरीही एक भिंत उभीच होती. वडगाव-कामशेतच्या छपाईवाल्यांचं सगळं काम श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत. ती फाइल लिनक्सवर उघडली की रोमन अक्षरांची रास दिसते. हा लिनक्सचा दोष नाही, त्या फॉन्टांच्या संकेतनाचा आहे. पण लग्नपत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायची असलेल्या माणसाला 'तुम्हीही लिनक्स वापरा' असं सांगणाऱ्या परीक्षकाने ही गोष्ट आधी सांगायला हवी.

देशी यंत्रणेच्या बाबतीत न्याय आणखी दुर्मीळ ठरला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स २००७ मध्ये आणलं, चेन्नई केंद्राच्या पुढाकाराने. शाळांसाठी एज्युबॉस ही वेगळी आवृत्तीही काढली. लिहिणाऱ्यांचे दोन तट पडले. एकाला ते भारतीय आहे एवढंच पुरे होतं, दुसऱ्याला ते सरकारी आहे एवढंच. डेबियनने दिलेली सुरक्षा-दुरुस्ती बॉसमध्ये किती दिवसांनी येते, मराठी मेन्यूतले शब्द शिक्षकांना कळतात का, शाळेतला प्रिंटर चालतो का, हे विचारणारे फार थोडे. अभिमान आणि हेटाळणी या दोन्हींमुळे यंत्रणेकडे बघायचं राहून गेलं, आणि त्यात नुकसान बनवणाऱ्यांचंही झालं. नेमकी तक्रारच हाती नसेल तर सुधारायचं कशाच्या आधारावर?

पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत लिनक्स आलं तसं कुसगाव, आंबी इथल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून ते रोजच्या वापरात आलं. तिथला पहिला प्रश्न साथ किती वर्षं, हा. फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिने. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला डेस्कटॉपवर आधी तीन वर्षं, १२.०४ पासून पाच. हा आकडा परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात हवा, आणि तोही वचन म्हणूनच लिहायला हवा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत साथ मिळेल असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीस संपेल. प्रकाशनाच्या आठवड्यात लिहिलेल्या कौतुकाचा कुणालाच उपयोग झाला नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हा सगळा वाद जगभर पुन्हा उसळला. 'लिनस टेक टिप्स' या वाहिनीच्या लिनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या वितरणावर स्टीम हे खेळांचं ॲप चढवायचा प्रयत्न केला. ॲप स्टोअरमधून जमलं नाही, म्हणून त्याने टर्मिनलवर आज्ञा दिली. यंत्रणेने इशारा दिला, संमतीचं अख्खं वाक्य टाइप करायला लावलं, आणि त्याने ते केल्यावर डेस्कटॉपच काढून टाकला. लिनक्सच्या जाणकारांपैकी बरेच म्हणाले, इशारा न वाचणाऱ्याने परीक्षण करू नये. मी तेव्हाही त्यांच्याशी सहमत नव्हतो आणि आजही नाही. खेळांचं एक ॲप चढवताना अख्खा डेस्कटॉप जाऊ शकतो, ही यंत्रणेची चूक आहे. ती दाखवणारा परीक्षक न्यायानेच वागला. पॉप ओएसच्या मंडळींनी ती वाट नंतर बंद केली, हे त्याचंच फळ. मात्र पॅकेजमधली ती गफलत थोड्याच काळापुरती होती, म्हणून तारीख आणि आवृत्ती नोंदवणंही तितकंच गरजेचं.

आता नवा टप्पा सुरू झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ संपली आणि चालते संगणक भंगारात काढायचे की त्यांवर लिनक्स घालायचं, हा प्रश्न शाळांपुढे आला. त्याच वेळी फार जुनी ३२-बिट यंत्रं लिनक्सकडूनही सुटत चालली आहेत. उबुंटूने त्यांची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्ये थांबवली, फेडोराने २०१९ मध्ये, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. देणगीत आलेल्या संगणकांवर चालणाऱ्या शाळेसाठी ही त्या आवृत्त्यांची सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

कुसगावच्या आणि आंबीच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला फार वाटतं. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातल्या शाळांत जूनमध्ये एखादं वितरण चढवावं. मशीन, रॅम, आवृत्ती, तारीख लिहून ठेवावी. अख्खा पावसाळा जाऊ द्यावा. लाइट गेल्यावर काय झालं, शिक्षकांनी मराठीत प्रश्नपत्रिका काढली का, सातबारा नीट छापला गेला का, हे शिक्षकांकडूनच ऐकावं. सापडलेला प्रत्येक दोष बनवणाऱ्यांकडे नोंदवावा आणि मे महिन्यात त्यातल्या कशाचं काय झालं हे पाहून मराठीत परीक्षण लिहावं. बॉसच्या पुढच्या आवृत्तीपासूनच सुरुवात करता येईल.