'गडचिरोली'ची लांबी किती?

पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला साध्या मजकुरातल्या 'गडचिरोली'ची लांबी विचारली की उत्तर यायचे २४. तिसरी आवृत्ती ८ सांगते. जुनी बाइट मोजायची आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नवी ग, ड, च, वेलांटी, मात्रा अशी चिन्हेच मोजते. जुन्या हिशेबाने पहिले दहा कापून घेतले तर हाती 'गडच' आणि एक मोडका बाइट उरे. हेच नाव रोमन लिपीत दोन्हीकडे १० भरते. म्हणून इंग्रजी नावांवर प्रोग्राम तपासणाऱ्याला ही चूक दिसतच नसे.

पायथन ३ हे डिसेंबर २००८ मध्ये आले आणि जुने प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे चालेनात. जुन्याची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती. ती मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. तोवर प्रोग्रामरांचे पाय दोन डगरींवर. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरने फेब्रुवारी २०१८ मध्ये पायथन ३ धरले, तेव्हा त्याची प्लगइनही बदलावी लागली. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा हद्दी आणि क्षेत्रफळे मांडायला हे सॉफ्टवेअर उपयोगी. पण पूर्णांक ५ ला २ ने भागले की पायथन २ उत्तर देई २, पायथन ३ देते २.५. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते. अर्धा हेक्टर गुपचूप गळाला तर कळतही नाही.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा आक्षेप रास्त वाटतो. पण २०२० नंतर जुन्या भाषेतल्या सुरक्षेच्या त्रुटी तिचे मूळ कर्ते दुरुस्त करत नाहीत. जुन्यातही युनिकोडची सोय होती, हे खरे. मात्र ती आठवणीने वापरावी लागे आणि तरीही पुरत नसे. २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मसराम गोंडी लिपीचे एक अक्षर विंडोजवरचे पायथन २ दोन मोजी. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिणे संक्रमणापुरते ठीक, पण त्यात प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो. जुन्या-नव्यातली ही फारकत आपल्या लिप्यांच्या फायद्याचीच होती. तेव्हा जुने सोडण्याची तारीख ठरवा आणि चाचणीच्या यादीत चंद्रपूर, एटापल्ली, भामरागड ही नावे देवनागरीतच घाला.