गुप्तहेराची मोटार आणि खान्देशचा महामार्ग

इंग्लंडमधील ॲस्टन मार्टिन कंपनीने १९६३ ते १९६५ या काळात बनवलेली डीबी५ ही स्पोर्ट्स कार जगभर ‘गुप्तहेराची मोटार’ म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर १९६४मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात ती पहिल्यांदा दिसली. लपवलेल्या बंदुका, पालटणारी नंबर प्लेट, मागे उभी राहणारी पोलादी ढाल, रस्त्यावर तेल आणि धूर सोडण्याची सोय, माग काढणारा पडदा आणि छतातून बाहेर उडणारे आसन अशी यंत्रे तिच्यात बसवलेली होती. प्रत्येक यंत्रामागे शाळेच्या विज्ञान पुस्तकातले एखादे तत्त्व आहे. त्याच तत्त्वांवर चालणाऱ्या खऱ्या यंत्रणा आज मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या, धुळ्यात एकमेकांना छेदणाऱ्या, महामार्गांवर आणि त्यांच्या आसपासच्या कारखान्यांत आढळतात. पडद्यावरची युक्ती एका दृश्यापुरती चालली तरी भागते, खरी यंत्रणा मात्र दर वेळी चालावी लागते. या फरकातच अभियांत्रिकीचा सगळा कस आहे.

मूळ गाडी

डीबी ही अक्षरे कंपनीचे तेव्हाचे मालक डेव्हिड ब्राउन यांच्या नावाची आहेत. गाडीत ३,९९५ घन सेंटिमीटर क्षमतेचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि सुमारे २८२ अश्वशक्तीचे इंजिन होते. कमाल वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास होता. तिचे अंग मिलानच्या तुरिंग या कारागीर कंपनीच्या ‘सुपरलेजेरा’ पद्धतीने घडवलेले होते. या पद्धतीत पोलादाच्या बारीक नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे चढवतात. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने गाडी हलकी राहते.

इयन फ्लेमिंग यांच्या १९५९च्या मूळ कादंबरीत याच कंपनीची आधीची गाडी होती आणि तिच्यातल्या सोयी मोजक्याच होत्या. चित्रपटासाठी कलादिग्दर्शक केन ॲडम यांनी यंत्रांची कल्पना मांडली आणि विशेष दृश्यपरिणामांचे जाणकार जॉन स्टिअर्स यांनी ती गाडीत उतरवली. चित्रीकरणाला दोन गाड्या वापरल्या गेल्या. एक यंत्रे बसवलेली आणि दुसरी वेगाने पळवण्यासाठी साधी. यंत्रांच्या वजनाने चपळाई कमी होते, म्हणून ही विभागणी करावी लागली.

पालटणारी नंबर प्लेट

नंबर प्लेटची युक्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत भरवशाची होती. तीन बाजूंच्या दांड्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या तीन पाट्या बसवलेल्या होत्या. छोटी विद्युत मोटर दांडा १२० अंशांनी फिरवी आणि पुढची पाटी समोर येई. रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवरची चित्रे बदलतात तीही याच रचनेने.

भारतात अशी लबाडी अशक्य व्हावी म्हणून १ एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ती लागू करण्यात आली. धुळ्याची एमएच १८ आणि जळगावची एमएच १९ ही वाहने याला अपवाद नाहीत. ॲल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलपाने जखडलेली असते. कुलूप तोडल्याशिवाय पाटी निघत नाही आणि तोडलेले कुलूप पुन्हा बसत नाही. चारचाकीच्या पुढच्या काचेवर वेगळा स्टिकरही असतो, त्यामुळे नुसती पाटी बदलून गाडीची ओळख बदलत नाही.

बंदुका आणि ढाल

पुढच्या इंडिकेटरमागून बाहेर येणाऱ्या बंदुकांच्या नळ्यांतून गोळी कधीच सुटली नाही. नळ्यांत ॲसिटिलीन वायू सोडून ठिणगीने पेटवला जाई आणि दिसत असे ती त्या ज्वाळेची लखलख. खान्देशाला हा वायू दोन कारणांनी परिचित आहे. औद्योगिक वसाहतींतल्या गॅस वेल्डिंगमध्ये तो ऑक्सिजनबरोबर जळून ३,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान देतो. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की हाच वायू निघतो आणि फळे पिकवतो. कार्बाइडमधून आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही येत असल्याने फळांसाठी त्याचा वापर कायद्याने बंद आहे. रावेर-यावल पट्ट्यातली केळी शास्त्रीय पद्धतीने पिकवायची तर रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू वापरतात.

डिकीमागून वर येणारी ढाल चित्रपटात गोळ्या परतवते. प्रत्यक्षात ढाल किती जाड हवी, हे गोळीच्या गतिज ऊर्जेवर ठरते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा साधारण ५२० ज्यूल भरते. रायफलची ७.६२ मिलिमीटरची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या वर असते. वस्तुमान जवळपास तेवढेच, वेग सव्वादोनपटीपेक्षा थोडा जास्त, पण ऊर्जा सहापटीहून अधिक. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा परिणाम. अशी काडतुसे बनवणारा आयुध कारखाना जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. योगायोग असा की त्याची स्थापनाही १९६४चीच. २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

रायफलची साधी गोळी थोपवायला कठीण केलेले चिलखती पोलाद साधारण साडेसहा मिलिमीटर लागते. सव्वा मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच अशा एकाच पत्र्याचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. चारही बाजू, छत आणि तळ झाकायचा तर शेकडो किलो वाढतात आणि मग स्प्रिंगा, ब्रेक, टायर, इंजिन सगळेच बदलावे लागते. काच तर आणखी जड पडते, कारण काच आणि पॉलिकार्बोनेट यांचे अनेक थर एकावर एक चिकटवावे लागतात. बाहेरची कठीण काच गोळीचे टोक बोथट करते आणि आतला लवचीक थर उरलेली ऊर्जा शोषतो. चंदेरी डीबी५ने खरे चिलखत घातले असते, तर ती स्पोर्ट्स कार उरली नसती.

तेल आणि धूर

मागच्या दिव्यातून रस्त्यावर तेल सांडणे ही युक्ती घर्षणावर चालते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ असतो, तेलाच्या थरावर तो ०.१पर्यंत उतरू शकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरांत थांबते. तेलावर तेच अंतर ६३ मीटर होते. त्यात दर १०० मीटरला ५ मीटर असा उतार असेल, तर ते १२५ मीटरच्या पुढे जाते, कारण निम्मे घर्षण उताराच्या ओढीतच खर्ची पडते. उतार आणखी तीव्र झाला, तर ब्रेक दाबूनही गाडी थांबणार नाही.

चाळीसगावजवळचा कन्नड घाट आणि सेंधव्याच्या वाटेवरचा बिजासन घाट येथे हे गणित रोजच्या जीवनाचा भाग आहे. एखाद्या ट्रकचे डिझेल सांडले, की वळणावर तोच परिणाम होतो. पहिल्या पावसातही उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून रस्ता निसरडा होतो. अशा सांडीवर माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकतात, तेव्हा तेल शोषले जाते आणि टायरला खडबडीत पृष्ठभाग पुन्हा मिळतो.

धुराचा पडदा प्रकाशाच्या विकिरणावर उभा असतो. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि पलीकडचे काही दिसत नाही. तापीकाठच्या हिवाळी धुक्यात हेडलाइटचा मोठा झोत लावला, की समोर पांढरी भिंत उभी राहते ती याचमुळे. विखुरलेला प्रकाश चालकाच्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून धुक्यात झोत खाली ठेवायचा असतो.

माग काढणारा पडदा

चित्रपटात शत्रूच्या गाडीला चिकटवलेली डबी संकेत पाठवते आणि डॅशबोर्डवरच्या नकाशावर ठिपका सरकतो. त्याचा पल्ला १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, सांगितला आहे. १९६४च्या तंत्राने हे शक्य नव्हते. उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. जमिनीपासून एक मीटर उंचीवरून क्षितिज साडेतीन किलोमीटरवर असते, त्यामुळे दोन मोटारींमधला थेट संपर्क सातेक किलोमीटरांवर तुटतो. शिवाय एका अँटेनाला संकेताची फक्त दिशा कळते. स्थान ठरवायला दोन ठिकाणांहून दिशा मोजून त्या रेषा जिथे छेदतात तो बिंदू काढावा लागतो. दिशेत दोन अंशांची चूक झाली, तर ५० किलोमीटरवर ती पावणेदोन किलोमीटर होते.

आजची यंत्रणा उलट दिशेने चालते. गाडीतले उपकरण अनेक उपग्रहांचे संकेत ऐकते, प्रत्येक संकेत यायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून आपले स्थान स्वतः काढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या उपग्रह स्थाननिर्धारण प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. काढलेले स्थान मोबाइल टॉवरमार्फत नियंत्रण कक्षाला कळवले जाते. ५० मीटर उंच टॉवरचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटर असते, सातपुड्याच्या दऱ्यांत मात्र डोंगर आड येतात. तिथे उपकरण स्थान साठवून ठेवते आणि संपर्क आला की पाठवते. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे उपकरण आणि संकटकाळचे बटण १ जानेवारी २०१९पासून सक्तीचे आहे.

उडणारे आसन

गिअरच्या मुठीखालचे लाल बटण दाबले, की शेजारच्या आसनावरचा माणूस छतातून बाहेर फेकला जातो. या दृश्यासाठी लढाऊ विमानाचे आसन आणि दाबाखालची हवा वापरली गेली. आसनावर माणसाऐवजी पुतळा होता. हे आसन इतकी जागा खाई, की ते त्या दृश्यापुरतेच गाडीत बसवले गेले.

८० किलोचा पुतळा १० मीटर उंच फेकायचा, तर त्याला सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेग द्यावा लागतो. गाडीत त्यासाठी जेमतेम एक मीटर जागा मिळते, म्हणून त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या १० पट होते. विमानाच्या आसनात ते साधारण १२ ते २० पट असते. एवढ्या धक्क्यात पाठीचा कणा ताठ नसेल, तर मणके दबतात, म्हणून वैमानिकाला पट्ट्यांनी आवळून बसवलेले असते. आधी बार, मग रॉकेट असा दोन टप्प्यांचा जोर लावला, की जमिनीवर उभ्या विमानातूनही पॅराशूट उघडण्याइतकी उंची मिळते. मुंबई-आग्रा महामार्गालगत ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तोही १९६४चा. तिथे मिग-२१पासून सुखोई-३०पर्यंतची विमाने अशा आसनांसह तयार झाली.

सामान्य मोटारीत या विज्ञानाचा वारसा एअरबॅगने चालवला आहे. ठिणगी पडते, रसायनातून वायू निघतो आणि सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात पिशवी फुगते. विमानाचे आसन माणसाला बाहेर फेकून वाचवते, एअरबॅग त्याला आतच हळू थांबवून वाचवते. भारतात चालकासाठी ती १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. सीटबेल्ट लावलेला असेल, तरच ती पूर्ण उपयोगी पडते, कारण बेल्ट शरीराला योग्य अंतरावर धरून ठेवतो.

युक्ती आणि यंत्रणा

२०२०मध्ये ॲस्टन मार्टिनने ‘गोल्डफिंगर’च्या गाडीच्या २५ नव्या प्रती बनवायला घेतल्या. प्रत्येकीची किंमत कर वगळून साडेसत्तावीस लाख पौंड होती. बाँडपटांतील दृश्यपरिणामांचे जाणकार ख्रिस कॉर्बोल्ड यांनी त्यांतली यंत्रे आखली. बंदुका, तेल आणि माग काढणारा पडदा यांचा त्यात केवळ आभास आहे. नंबर प्लेट मात्र खरोखर फिरते. बहुतेक देशांत ही गाडी रस्त्यावर आणायला परवानगी नाही.

रस्त्यावरच्या यंत्रणेला वेगळ्या कसोट्या असतात. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हाही एअरबॅगची ठिणगी वेळेत पडली पाहिजे, खड्ड्यांनी हादरलेल्या एसटीतले उपकरण स्थान सांगत राहिले पाहिजे. म्हणून पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्या मुद्दाम आदळवून तपासतात. इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरच्या लंबगोल मार्गावर त्या वेगाने पळवून पाहतात. ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या भारत एनकॅप योजनेत समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने केलेल्या धडकेसारख्या चाचण्यांवरून गाड्यांना तारे दिले जातात. नवी गाडी घेणाऱ्याने रंग आणि पडद्याचा आकार पाहण्याआधी हे तारे पाहावेत, कारण गाडीतले जीव वाचवणारे यंत्र एकदाच वापरले जाते आणि तेव्हा ते चालावेच लागते.