संयुक्त मानापमान : नागठाण्याच्या भामिनीची एक रात्र

पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठावर नागठाणे आहे. मळीची काळी जमीन, नजर जाईल तिथवर ऊस आणि आषाढ-श्रावणात नदीच्या पाण्याकडे लागलेले डोळे. कृष्णाकाठच्या इतर गावांसारखेच हे गाव. पण बाहेरच्या पाहुण्याला नागठाणेकर आधी एकच गोष्ट सांगतात : हे बालगंधर्वांचे गाव. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८.

बालगंधर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे शालू, अत्तरे, स्त्रीभूमिकेतला डौल, गळ्यातला गोडवा या सगळ्याचे वर्णन करताना लेखण्या थकलेल्या नाहीत. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली एकच रात्र पुन्हा पुन्हा आठवावीशी वाटते : ८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्या रात्री ‘संगीत मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार होते. मराठी रंगभूमी या प्रयोगाला ‘संयुक्त मानापमान’ म्हणते, आणि शंभर वर्षे उलटली तरी हे नाव जुने झालेले नाही.

या नाटकाची सगळी माणसे आमच्याच मुलखातली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरच्या संगीतात वाढलेले. केशवराव कोल्हापूरचे, भामिनी नागठाण्याची. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले. तिथपासून कृष्णा-पंचगंगेच्या काठाने नाटकाला माणसे पुरवली, ती अशी. नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेही मिरजेत, १९०५ साली. आज त्या गावात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांची पहिली मुलगी गेली. घरात ते दुःख असताना ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले. वर्षानुवर्षे ही गोष्ट त्यांच्या निष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना दर वेळी आधी त्या घरातली आई आठवते. पण माणसाने एकदा शब्द दिला की तो पाळायचाच, ही त्यांची घडण त्या दिवशी दिसली एवढे खरे.

नाटकाची कथा थोडक्यात अशी. ऐश्वर्यात वाढलेल्या भामिनीला गरीब पण शूर सेनापती धैर्यधर नवरा म्हणून पसंत नसतो. पुढे वनमालेच्या साध्या वेषात ती त्याला जवळून पाहते आणि तिचे मन बदलते. लक्ष्मीधर नावाप्रमाणे पैशाचा, पण मनाने भित्रा. संपत्ती मोठी की शौर्य, असा हा झगडा. खाडिलकर टिळकांचे शिष्य, ‘केसरी’तले सहकारी. त्यांचे ‘कीचकवध’ इंग्रज सरकारने बंद पाडले होते. टिळकांच्या नावाच्या निधीसाठी त्यांचेच नाटक निवडले गेले, याहून योग्य निवड दुसरी झाली नसती.

आता हे दोघे नट. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवरावांची ललितकलादर्श त्याआधीची, १ जानेवारी १९०८ ची, हुबळीत स्थापन झालेली. तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. दोघांवरही शाहू महाराजांचा लोभ होता. दोन्ही कंपन्या एकाच प्रेक्षकासाठी गावोगाव फिरत. कोणाचा गळा मोठा यावर रसिकांत तट पडलेले असत. केशवरावांचा आवाज उंच, धारदार, थेट शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीवर येऊन धडकणारा. बालगंधर्वांचा आवाज मऊ, लयीशी लाडिक खेळणारा, ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेणारा. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील, असे जाणकारांना वाटणे स्वाभाविकच होते.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. १९२१ च्या वसंतात बेजवाड्याला काँग्रेसच्या बैठकीत ठरले की ३० जूनपर्यंत टिळकांच्या नावाने एक कोटी रुपये जमवायचे, एक कोटी सभासद करायचे आणि वीस लाख चरखे चालू करायचे. गांधीजींच्या असहकाराचे ते दिवस. ठरलेली मुदत उलटून आठवडा झाल्यावर हा प्रयोग झाला. मुदत संपली म्हणून देणाऱ्याचे हात थांबले नाहीत, असा मी त्याचा अर्थ घेतो.

त्या वर्षी गंधर्व मंडळी स्वतःच कर्जात बुडालेली होती. तिचा भार एकट्या बालगंधर्वांच्या खांद्यावर येण्याचा हाच काळ. प्रत्येक प्रयोगाचा गल्ला सावकाराच्या डोळ्यांसमोर असताना आपल्या सर्वांत चालणाऱ्या नाटकाचे उत्पन्न दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत बसणारी नव्हे. फंडाला मिळालेली रक्कम सोळा हजारांच्या घरात सांगितली जाते. एका नाटकाच्या एका रात्रीसाठी त्या काळी ती प्रचंडच.

पण पैशापेक्षा अवघड देणे वेगळे होते. संगीत नाटकात पदाला वन्स मोअर मिळतो तो नटाला, आणि टाळी कोणाला जास्त पडली हे विंगेतल्या पोरापासून मालकापर्यंत सगळे मोजत असतात. अशा ठिकाणी दोन मालक-नट एका पडद्याआड उभे राहिले. त्यांच्या साथीदारांना एकमेकांच्या लयीशी जमवून घ्यावे लागले असेल. पन्नासहून अधिक पदांच्या नाटकात रंगणे आणि दुसऱ्याला रंगू देणे ही दोन्ही कामे एकाच रात्रीत करायची होती. नाटकाचे नाव मानापमान, आणि दोघांनी आपापला मानापमान त्या दारात उतरवून ठेवला. प्रयोग इतका गाजला की पुढे दोघांचे संयुक्त ‘सौभद्र’ही झाले.

मग काळाने घाई केली. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. संयुक्त प्रयोगानंतर फक्त अठ्ठ्याऐंशी दिवसांनी. ही जोडी एकत्र येण्याचा योग मराठी माणसाला जेमतेम मिळाला, आणि तोही एका सार्वजनिक कामामुळे मिळाला. फंड नसता तर कदाचित ते दोघे कधीच एकमेकांसमोर उभे राहून गायले नसते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली. मामा वरेरकरांची ‘सत्तेचे गुलाम’ आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचे ‘तुरुंगाच्या दारात’ ही नाटके त्यांनी लगोलग रंगमंचावर आणली. बालगंधर्वांनी कर्ज फेडले, पुन्हा वैभव पाहिले, पुन्हा ओहोटी पाहिली. शेवटची वर्षे त्यांनी हलाखीत काढली आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात डोळे मिटले.

जगात मदतीसाठी केलेल्या अशा मैफलींचा विषय निघाला की न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे नाव येते. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तिथे कार्यक्रम केला. तो दिवस होता १ ऑगस्ट १९७१, टिळकांची पुण्यतिथी. तो कार्यक्रम मोठाच होता. पण नव्या पिढीला ही कल्पना तिकडून आली असे वाटते, तेव्हा सांगावे लागते की त्याच्या पन्नास वर्षे आधी ग्रँट रोडच्या एका थिएटरात आपल्या माणसांनी हे करून दाखवले होते.

आणि ते तिथेच थांबले नाही. मदतीचे प्रयोग हा मराठी नाटकाचा स्वभावच झाला. शाळेची इमारत, वाचनालय, दुष्काळ, पूर, कशासाठीही नाटक लावायचे आणि गल्ला द्यायचा. यातला सर्वांत मोठा वारसदार मला १९८० च्या दशकात सुरू झालेला सामाजिक कृतज्ञता निधी वाटतो. डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी माणसे त्यामागे होती. आयुष्य समाजकार्याला वाहिलेल्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून लागू, निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी, सदाशिव अमरापूरकर यांच्यासारख्या कलावंतांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ गावोगाव केले. पुन्हा तेच : मोठी नावे एका नाटकात आणि उत्पन्न तिसऱ्याच्या ओंजळीत. बालीवाला थिएटरातली ती रात्र मला इथे स्पष्ट दिसते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ती बातमी वाचताना कृष्णाकाठच्या माणसालाही घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

पलूस, सांगली, मिरज, इस्लामपूर, कोल्हापूर इथल्या हौशी नाट्यमंडळींना माझी एक विनंती आहे. स्पर्धेत तुम्ही एकमेकांविरुद्ध उतरता, उतरत राहा. पण दर वर्षी ८ जुलैला दोन संस्थांनी मिळून एक नाटक करावे, एका संस्थेची भामिनी आणि दुसरीचा धैर्यधर घ्यावा, आणि येणारी रक्कम तालुक्यातल्या एका शाळेला किंवा वाचनालयाला द्यावी. पहिला प्रयोग नागठाण्यात करावा.